सगळी बस दवाखान्यात

बेल्याच्या बायका फुकटच्या बसनं कुठे जातात हे शोधायला लिस्बनहून दोन विद्यार्थी आले, तेव्हा मलाही एका बाईपुरतं तेच शोधायचं होतं. ती बाई म्हणजे माझी आई.

बाबा ऑक्टोबरात गेले, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आदल्या आठवड्यात. मी नागपूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते. रजा टाकून बेल्याला, सीमेवरच्या आमच्या मराठी गावात, येऊन राहिले होते. दिवाळीनंतर आई एक-दोन दिवसांआड सकाळच्या बसनं आदिलाबादला जायला लागली.

"कुठे चाललीस?"

"दवाखान्यात."

"काय होतंय?"

"काई नाई. बीपी."

"मी येते सोबत."

"तू कायले? तू वाच तुहे पुस्तकं."

संध्याकाळी परत यायची तेव्हा हातात चिठ्ठी नसायची, गोळ्यांचं नवं पाकीट नसायचं. विचारलं की चूल पेटवायला उठायची, आणि आमच्याकडे तर गॅस आहे. मी फार विचारलं नाही. भीती होती म्हणून विचारलं नाही. बाबाही असेच "पेन्शनचं काम आहे" म्हणून नागपूरला जात, आणि ते तिथे तपासण्या करून घेत होते हे आम्हाला कळलं तेव्हा डॉक्टरांना सांगण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. एका घरात एकदा झालेली गोष्ट दुसऱ्यांदा होऊ शकते, हे मला कादंबऱ्या वाचूनही माहीत होतं आणि न वाचताही.

अशात जानेवारीत इनेस आणि मार्टिन आले.

दोघंही व्यवस्थापन शिकणारे. त्यांच्या कॉलेजात असा नियम होता की पुढे कंपन्या चालवणाऱ्यांनी एकदा तरी परदेशी जाऊन एखादी सरकारी योजना जमिनीवर कशी चालते ते बघावं. आमच्या तेलंगणात राहणाऱ्या बायकांना साध्या बसमध्ये तिकिटाचे पैसे लागत नाहीत. आधार कार्ड दाखवायचं, कंडक्टर मशीनमधून शून्य रुपयाचं तिकीट काढून देतो. यांना बघायचं होतं की एखाद्या गोष्टीची किंमत शून्य केली तर माणूस तिचं काय करतो. माझ्या कॉलेजमुळे ओळख झालेल्या त्यांच्या प्राध्यापकांना उन्हाळ्यातच बाबांनी शब्द दिला होता की मुलांना पाठवा, गाव मी दाखवतो. बाबा गेल्याचं मी कळवलं, आणि त्याच पत्रात शेवटी लिहिलं की मुलांना पाठवा.

इनेस लिस्बनचीच, बुटकी, चटपटीत, भेटल्यापासून पाचव्या मिनिटाला आमच्या ओट्यावर मांडी घालून तुरीच्या शेंगा सोलायला लागलेली. मार्टिन मूळचा व्हिएन्नाचा. तो इतका उंच होता की आमच्या दारातून येताना वाकायचा आणि आत आल्यावर सरळ व्हायला विसरायचा. तो प्रवासी बायकांना "ग्राहक" म्हणायचा. "उद्या ग्राहकांना भेटू," असं तो गंभीरपणे म्हणाला आणि शेंगदाण्याच्या चटणीनं डोळ्यांत पाणी आल्यावरही तितकाच गंभीर राहिला.

त्या संध्याकाळी उद्धवराव येऊन गेले. उद्धवराव तहसीलीत कारकून, रोज बसनं जातात, आणि बायकांना बस फुकट झाल्यापासून रोज उभे राहून जातात. त्यांनी पाहुण्यांकडे लांबून पाहिलं, आईला बाजूला घेतलं आणि मला ऐकू येईल एवढ्या हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, हे तहकीकात हाय. बाया कामानं जाते का नुसत्या फिरते, हे पाह्यून वर रिपोर्ट जाईन. फिरते म्हणून निंघालं का योजना बंद. मंग मी बसतो खिडकीपाशी."

"तुमाले कोनं सांगतलं?"

"ऑफिसात बसतो न मी, वहिनी. समजते."

थोड्या वेळानं पाहिलं तर आमच्या मागच्या अंगणात गयाबाई, रुख्मिणी, प्रयागबाई आणि आणखी बऱ्याच जणी आईभोवती जमल्या होत्या. मी दारात येताच सगळ्या गप्प.

"काय चाललंय?"

"वांग्याच्या भावाचं बोलून राह्यलो, माय," गयाबाई म्हणाली. गयाबाई आमच्या शेजारची, आईपेक्षा थोडी मोठी, आणि तिला खोटं बोलताना हसू येतं.

मी लक्ष द्यायला हवं होतं. आमच्या गावात सर्व्हे आला की उत्तर आधी ठरतं आणि प्रश्न नंतर येतो. बाबा मास्तर, त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. शाळेतल्या मास्तरांना सरकार प्रत्येक मोजणीला जुंपतं, माणसांच्या आणि गुरांच्याही. तीस वर्षं बाबा दारोदार फिरले. त्यांची एक पद्धत होती. दारात मिळालेलं उत्तर ते पेन्सिलीनं लिहीत. मग चहा घेत, इकडचं तिकडचं बोलत, आणि उठता उठता खिशातून खोडरबर काढून म्हणत, "हं, आता सांगा." मी लहानपणी त्या खोडरबरची चोरी करायचे; त्याला चहाचा वास यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसमध्ये चढलो. मार्टिनचं डोकं दोनदा आपटलं. कंडक्टर तेलुगू, पण या रस्त्यावर मराठी बोलायला शिकलेला. त्यानं माझं नागपूरच्या पत्त्याचं आधार कार्ड बघून मान हलवली. "अम्मा, तुमाला पैसे." सगळ्या बसमध्ये पैसे देऊन बसलेल्या बायका दोनच, इनेस आणि मी. इनेसनं ते लगेच टॅबलेटवर टिपून घेतलं.

पहिली भेटली गयाबाई. इनेसनं विचारलं, मी मराठीत केलं: आज कुठे निघालात?

"दवाखान्यात," गयाबाई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. तिचे खांदे हलत होते.

तिच्यामागच्या दोघी दवाखान्यात. त्यांच्या पलीकडची सासू आणि सून, दोघी दवाखान्यात, दोघींना गुडघे. सून माझ्या विद्यार्थिनींएवढी होती.

मार्टिन खूश झाला. "आरोग्यसेवा," तो म्हणाला. "पैसे वाचले की गरीब माणूस आधी प्रकृतीकडे बघतो. हे फार महत्त्वाचं आहे."

मग रुख्मिणी. तिच्या अंगावर हिरवी पैठणी, केसांत गजरा, हातात कोपरापर्यंत बांगड्या, आणि मांडीवर चमकत्या कागदात बांधलेली स्टीलची घागर.

"दवाखान्यात," रुख्मिणी म्हणाली.

"रुख्मिणीकाकू, अगं..."

"मी जेवढं सांगतलं तेवढंच सांग त्यायले," ती दात आवळून म्हणाली. "घागर बी लिही. डॉक्टरीणबाईले लागते."

मी सांगितलं. इनेसनं घागरीचा फोटो घेतला.

प्रयागबाईच्या पिशवीत जिवंत कोंबडी होती. प्रयागबाईची मुलगी आदिलाबादला बाळंत झालेली, सगळ्या गावाला माहीत. "दवाखान्यात," प्रयागबाई म्हणाली. पिशवी फडफडली. "हे बी," तिनं जोडून दिलं.

जैनथच्या स्टॉपवर आणखी काही बायका चढल्या. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, पण गयाबाईनं चढतानाच एकेकीच्या कानाला लागून काम उरकलं. मार्टिनच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू ओसरत गेला. त्यानं टॅबलेटकडे पाहिलं, मग बसभर पाहिलं, मग खिशातून मास्क काढून लावला आणि एक इनेसला दिला.

"मैत्री," तो मला हळूच म्हणाला, "या भागात काही साथ चालू आहे का? आम्हाला कोणी कळवलं का नाही?"

मागे दांडीला लोंबकळलेले उद्धवराव खाकरले. कंडक्टर मशीनमध्ये तोंड घालून उभा होता आणि त्याची टोपी हलत होती. मला तीन महिन्यांत पहिल्यांदा हसू येत होतं, ते मी गिळून टाकलं, कारण अगदी पुढच्या सीटवर आई होती.

आई माझ्यापासून लांब, खिडकीशी बसली होती. पांढऱ्या साडीवर बाबांचा राखाडी स्वेटर. इनेसनं तिच्याशी फार अदबीनं बोलायला सुरुवात केली, मीही अदबीनं मराठीत केलं: आई, आज तू कुठे निघालीस?

आईनं माझ्याकडे पाहिलं. बसमधल्या सगळ्या बायका तिच्याकडे वळल्या.

"दवाखान्यात," आई म्हणाली.

त्या बसमध्ये एवढं एकच उत्तर मला खरं वाटलं. मी भाषांतर केलं. इनेसनं माझा हात धरला आणि काही लिहिलं नाही.

आदिलाबाद आलं. बायका उतरल्या आणि चारी दिशांना पांगायच्या बेतात होत्या, तेवढ्यात मार्टिन सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहिला. मास्कमधून तो म्हणाला की आम्ही तुमच्यासोबत येतो. प्रवास बस थांबली म्हणून संपत नाही, ग्राहक जिथे पोचतो तिथपर्यंत त्याच्यासोबत जायचं, असं त्यांना शिकवलेलं आहे.

मी मराठीत सांगितलं. बायकांचे चेहरे बघण्यासारखे झाले.

"सोबत म्हणजे?" रुख्मिणीनं विचारलं. "कुठी?"

"दवाखान्यात."

"अवं माय, बाराचा मुहूर्त हाय!"

"चल न आता," गयाबाई तिला ढकलत म्हणाली. "तुले म्हणलं होतं साधं लुगडं नेस."

आणि मग ती वरात निघाली. पुढे मास्क लावलेला मार्टिन, त्याच्यामागे घागर घेतलेली रुख्मिणी, कोंबडी घेतलेली प्रयागबाई, सासू-सून गुडघ्यांनी लंगडत, सून चुकीच्या पायानं. रस्त्यावरचे ऑटोवाले थांबून बघायला लागले. उद्धवरावांचं ऑफिस दुसऱ्या बाजूला होतं, पण ते आपल्या पायांनी आमच्या मागे आले. हे त्यांना चुकवायचं नव्हतं.

सरकारी दवाखान्याच्या बाहेरच्या हॉलमध्ये एक जाडजूड नर्सबाई होत्या. त्यांनी आम्हाला येताना पाहिलं आणि हातातला पेन खाली ठेवला.

"ओके ऊरा?" त्यांनी विचारलं. सगळ्या एकाच गावच्या?

"बेला," गयाबाई म्हणाली.

"काय खाल्लं?"

"काई नाई, बाई. उपाशीच हाव."

नर्सबाई रुख्मिणीकडे वळल्या. "तुमाला काय होतंय?"

"चक्कर येते," रुख्मिणी म्हणाली.

"कधीपासून?"

"आत्तापासून," रुख्मिणी म्हणाली, आणि ते अगदी खरं दिसत होतं.

"आणि तुमाला?"

प्रयागबाईनं विचार केला. "पोटात गुडगुडते," ती म्हणाली, आणि नेमकी त्याच वेळी पिशवीतून कोंबडी मोठ्यानं बोलली. नर्सबाई दचकून मागे सरकल्या. मार्टिननं इनेसला म्हटलं, "ऐकलंस?"

मी मात्र आईकडे बघत होते. आता कळणार होतं. ती कोणत्या खिडकीशी जाते, कोणत्या दारापुढच्या बाकावर बसते, पाटीवर काय लिहिलेलं असतं. बाबांच्या वेळी मी नागपूरच्या अशा सगळ्या पाट्या पाठ केल्या होत्या. कोणत्या पाटीला घाबरायचं आणि कोणत्या पाटीला नाही, ते मला माहीत होतं.

आई हॉलच्या मधोमध उभी होती. तिनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. एका दारापाशी गेली, आत डोकावली, तो कर्मचाऱ्यांचा संडास होता, परत आली. मग गर्दीतून वाट काढत माझ्याशी आली आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, "मैत्री, इथी चिठ्ठी कुठी भेटते वं?"

"काय?"

"चिठ्ठी. नाव लिहाची. कुठी राह्यते थे?"

मी तिच्याकडे बघत राहिले. दिवाळीपासून जानेवारीपर्यंत एक-दोन दिवसांआड जी बाई इथे येत होती, तिला चिठ्ठीची खिडकी माहीत नव्हती. खिडकी आमच्या समोर होती. तिच्यावर तीन भाषांत लिहिलेलं होतं आणि एक बाण काढलेला होता.

"आई," मी म्हटलं, "तू इथे कधी आलीच नाहीस."

 आईनं स्वेटरची बाही ओढून घेतली.

"एकदाही?"

"एकदा आल्तो," आई म्हणाली. "गेटपरेंत. गयाबाईच्या नातवासंगं."

आणि मला हसू आलं. आधी नाकातून आलं, मग मला भिंतीचा आधार घ्यावा लागला. दवाखान्याच्या हॉलमध्ये मी इतकी हसले की नर्सबाईंनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "या बाईला काय झालंय? हिला आधी घ्या." त्यावर गयाबाई फुटली, मग सून, मग सासू, आणि रुख्मिणी घागरीवर डोकं टेकून "अवं मुहूर्त, अवं मुहूर्त" म्हणत हसत राहिली. आई मात्र ओठ दाबून उभी होती. पण तिचा पदर तोंडावर गेला तेव्हा मला कळलं.

मी नर्सबाईंची माफी मागितली. त्यांना काय झालं ते मोडक्या तेलुगूत सांगितलं. त्यांनी आम्हाला बाहेर काढलं आणि दारातून ओरडून प्रयागबाईला कोंबडीची किंमत विचारली.

समोरच्या हॉटेलात सगळ्यांनी चहा घेतला. मार्टिननं मास्क काढला, कारण मी त्याला सांगितलं की साथ नाही, पण काय आहे ते दुसऱ्या चहाला सांगते. मग दुसरा चहा आला, आणि मी इनेसला म्हटलं, "खोड. आता विचार."

मग निघालं. रुख्मिणीच्या भाचीचं लग्न, ते तर दिसतच होतं. तिला ऑटोत बसवून पाठवलं, घागर मांडीवर, हसून हसून काजळ गालावर. सासू-सून थेट भांड्यांच्या दुकानात, काही न घेता भाव विचारायला. जैनथच्या एकीचं माहेर आदिलाबादलाच होतं आणि ती आता वाटेल तेव्हा जाऊन आईशी भांडून येत होती. "आधी वर्साचं भांडण एकदाच करावं लागे," ती म्हणाली. "लय घाई होये." इनेस भराभर लिहीत होती आणि मार्टिन विचारत होता की भांडणाला कोणत्या रकान्यात टाकायचं.

"पण दवाखानाच का?" इनेसनं विचारलं. "सगळ्यांनी एकच का सांगितलं?"

गयाबाईनं आईकडे बोट केलं. "इचारा हिले. हिनंच सांगतलं. म्हणे, दवाखाना म्हणा, पुढचं कोणी इचारतच नाई. माह्या पोरीवर दोन महिन्यापासून चालून राह्यलं, अन् पोरगी शिकेल हाय. यायच्यावर काऊन नाई चालन?"

मी आईकडे वळले.

"मी घाबरले होते, आई. मला वाटलं, बाबांसारखं..."

आईची बशी हातातच राहिली. तिच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. दवाखाना हे तिला फक्त चांगलं कारण वाटलं होतं.

"माय माय," ती म्हणाली. "तसं नाई वं पोरी. मले काई नाई झालं. बीपी बी बरोबर हाय."

"मग कुठे जातेस?"

"कुठी नाई. बसमधी बसतो, येतो. स्टँडवर गयाबाईसंगं चहा पेतो, वापस येतो." तिनं बशी खाली ठेवली. "दुपारी थे पेपर वाचून दाखवत मले. सगळा. तारखीपासून. मी म्हणो, बंद करा आता, डोकं उठलं. आता दुपार झाली का घर चूप राह्यते, अन् मी आपली वाट पाह्यतो. बसमधी सगळ्याच बोलते. वाट पाह्याले टाइम नाई भेटत."

गयाबाईनं आपल्या कपातला चहा तिच्या बशीत ओतला.

"मग मला सांगायचं ना."

"काय सांगू? माणूस जाऊन तीन महिने नाई झाले अन् बाई फुकटात फिरून राह्यली, असं सांगू? लोकं काय म्हणतीन?"

"लोकं बसमधीच हायेत, वहिनी," शेजारच्या टेबलावरून उद्धवराव म्हणाले. त्यांच्यापुढे भजी होती. ऑफिसला ते त्या दिवशी गेलेच नाहीत. "काई नाई म्हणत. जागा देल्ली तं बरं होईन."

परतीची बस उन्हं कलल्यावर मिळाली. प्रयागबाई मुलीकडे कोंबडी देऊन आली होती. रुख्मिणीला लग्नात जेवण मिळालं होतं आणि मुहूर्त चुकला होता. तिनं पाहुण्यांसाठी बुंदी बांधून आणली होती. दोन्ही बाजूंनी कापसाची शेतं, वेचणीवाल्या घरी निघालेल्या. इनेस आईशेजारी बसली, दुसऱ्या बाजूला मी. पुन्हा सुरुवातीपासून सगळं विचारायचं असं त्यांचं ठरलं होतं, आणि टॅबलेटवर सकाळचं सगळं खोडलेलं होतं.

"आज कुठे गेला होतात?" मी मराठीत केलं.

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या उद्धवरावांकडे पाहिलं.

"फिराले," ती मोठ्यानं म्हणाली. "लिही म्हणा तिले. रिकामी फिरून राह्यली होती म्हणून लिही."

बसमध्ये एकच गलका झाला. मार्टिननं आपल्या यादीत तसा पर्याय नाही म्हणून सांगितलं, आणि गयाबाईनं त्याच्या तोंडात बुंदी कोंबली.

मी स्टँडवर पेपर घेतला होता. का घेतला ते मला घेताना कळलं नव्हतं. घडी तशीच मांडीवर होती. आईनं ती बघितली आणि कोपरानं मला ढोसलं.

"वाच."

"इथे? एवढ्या आवाजात?"

"तारखीपासून वाच. मधातून नको वाचू."

मी तारीख वाचली. मग वार. मग पहिल्या पानावरची बातमी, माझा आवाज खड्ड्यांबरोबर उडत होता. आई म्हणाली, हळू, थे घाई नोते करत. मी हळू वाचलं. पुढच्या सीटवरच्या वळून बसल्या. सोन्याचा भाव आला तेव्हा बसमध्ये शांतता झाली, आणि एका पुढाऱ्याचं भाषण आलं तेव्हा सगळ्या एकदम बोलायला लागल्या, आणि आई म्हणाली, "बंद कर आता, डोकं उठलं."

मी पेपर खाली ठेवला.

"ओ मैत्रीबाई," दांडीला लोंबकळलेले उद्धवराव मागून ओरडले, "बंद काऊन केलं? मोठ्यानं वाचा न जराशी! इथी मांगं काईच आयकू नाई येऊन राह्यलं!"